अंगावरचे पित्त : करणी नव्हे, आजार

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने आम्हाला दोन शब्द बोला म्हटले आणि विषय विचारला. आम्ही म्हणालो, अंगावर उठणाऱ्या पित्तावर बोलतो. काहीजण हसले. म्हणाले, "अहो, वर्धापन दिन आहे, धम्मावर बोला. पित्तावर काय बोलता?" बंधूंनो, आम्ही डॉक्टर नाही. पेपर मिलमध्ये मशीनवर उभे राहणारे कामगार आहोत. शाळा थोडी झाली, बाकी शिक्षण वाचनालयात आणि या विहारात झाले. पण या आजाराने आमच्या घरातला एक माणूस गेला आणि पुढे आम्ही स्वतः तो आजार दीड वर्ष भोगला. म्हणून आज हाच विषय घेतला. यात धम्म कुठे आहे ते शेवटी तुमचे तुम्हीच ठरवा.

उन्हाळ्याचे दिवस होते, तेंदूपानाचा हंगाम. आमच्या मोठ्या बहिणीचे गाव गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून. आमचे भाटवे पहाटेच पाने तोडायला गेले. झुडपात गांधीलमाशीचे पोळे होते. दोन-तीन माश्या चावल्या. जंगलात जाणाऱ्याला हे काही नवीन नाही. त्यांनाही आधी दोनदा चावल्या होत्या आणि काही झाले नव्हते. पण या वेळी घटकाभरात अंगभर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला. घरी येऊन म्हणाले, "मले कसंतरीच होऊन राह्यलं." माणसे जमली. कोणी म्हणाले, "पित्त उठलं, गेरू लावा." कोणी म्हणाले, "जंगलातलं लागलं याले, बाहेरचं हाय." शेवटी मांत्रिकाकडे नेले. त्याने लिंबू उतरवले, अंगारा लावला, मंतरलेले पाणी पाजले. दवाखाना बारा किलोमीटरवर होता. गावात एकाच्या घरी मोटारसायकल होती. ती मागायला कोणी गेले नाही. त्याच अंगणात तासाभरात त्यांचा जीव गेला.

पुढे झाले ते त्याहून वाईट. "दोन माश्यांनी कुठं मानूस मरते का?" असे लोक म्हणू लागले. मग करणी कोणी केली याचा शोध सुरू झाला. बहिणीच्या घरामागे एक म्हातारी एकटी राहत होती. सगळा संशय तिच्यावर गेला. तिचे विहिरीवरचे पाणी तोडले, तिच्या दारावर दगड मारले. एके दिवशी गाठोडे बांधून ती लेकीच्या गावी गेली आणि परत आली नाही.

जलदान विधीला आम्ही तिथे होतो. त्रिसरण-पंचशील आम्हीच म्हटले. बावीस प्रतिज्ञा आम्हाला तोंडपाठ. आणि करणीची गोष्ट निघाली तेव्हा मात्र आम्ही खाली मान घालून बसलो. आमचा करणीवर विश्वास होता म्हणून नव्हे. भाटवे कशाने गेले हे आम्हालाच ठाऊक नव्हते म्हणून. "करणी नाही" एवढे म्हणून भागत नाही, "मग काय होतं?" असे लोक विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते आता आहे आणि तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. पोटात जळजळ झाली, आंबट ढेकर आली तरी आपण पित्त म्हणतो आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच म्हणतो. नाव एक, पण आजार दोन. अंगावरच्या पित्ताला डॉक्टर अर्टिकेरिया म्हणतात. पोटातले पित्त उसळून कातडीवर येते असे काही नसते. म्हणून मिठाचे पाणी पिऊन ओकाऱ्या काढून गांधी जात नाहीत, उलट माणूस थकतो.

मग होते काय? आपल्या कातडीखाली मास्ट पेशी नावाच्या पेशी पहारेकऱ्यासारख्या बसलेल्या असतात. त्यांच्याजवळ हिस्टामिन नावाचे द्रव्य साठवलेले असते. शत्रू आला असे वाटले की त्या हे द्रव्य सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतले पाणी कातडीत झिरपते, तिथे लाल फुगवटा येतो आणि भयंकर खाज सुटते. हीच गांधी. पहारेकरी कधी खऱ्या चोरासाठी ओरडतो, कधी वाऱ्याने दार वाजले तरी ओरडतो. या आजारात बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो. साधारण पाच माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हे होतेच. हा आजार लागट नाही. एकाचे दुसऱ्याला होत नाही. म्हणून कोणाचे ताट, अंथरूण वेगळे करायचे कारण नाही.

याची मुख्य खूण लक्षात ठेवा. एक गांधी एका जागी चोवीस तासांच्या वर राहत नाही. ती डाग न ठेवता मावळते आणि दुसरीकडे नवी उठते. शंका असेल तर एका गांधीभोवती पेनने गोल काढा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. गोलात काही नसेल तर ते पित्त. गांधी तिथेच असेल, दुखत असेल किंवा काळा-निळा डाग राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तो प्रकार वेगळा असू शकतो.

कशाने उठते? कोणाला झिंगे, मासे, अंडी, शेंगदाणे चालत नाहीत. कोणाला औषध चालत नाही, त्यात पेनिसिलिनसारखी औषधे आणि दुखण्याच्या गोळ्या आल्या. लहान मुलांना सर्दी-तापानंतर उठते. कोणाला माशीच्या, मुंगीच्या चाव्याने उठते. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला जाणाऱ्या आपल्या माणसांना हे जास्त भोगावे लागते. कोणाला घामाने उठते, आणि आपल्या चंद्रपूरचा उन्हाळा तर सगळ्यांना माहीत आहे. कोणाला थंडीने उठते. असे पोर हिवाळ्यात मामा तलावात उडी मारील तर एकदम अंगभर पित्त उठून पाण्यातच चक्कर येऊ शकते. त्याला पोहायला पाठवू नका. कोणाला घट्ट पट्ट्याने, डोक्या-खांद्यावरच्या ओझ्याने दाबल्या जागी उठते.

सहा आठवड्यांच्या आत थांबले तर त्याला अल्पकाळचे म्हणतात. बहुतेकांचे असेच असते. सहा आठवड्यांच्या वर रोज किंवा दिवसाआड उठत राहिले तर ते जुनाट. जुनाट पित्तात बाहेरचे कारण बहुधा सापडतच नाही. शरीराची स्वतःची संरक्षण व्यवस्थाच त्या पहारेकऱ्यांना डिवचत असते. म्हणून वांगे सोड, डाळ सोड, मटण सोड असे करत माणसाला वाळवू नका. आमच्या घरी हेच झाले होते. ते आता सांगतो.

भाटवे गेल्यावर काही वर्षांनी आमच्या अंगावर गांधी उठू लागल्या. आमचे काम ड्रायरच्या बाजूला. कागद सुकवायला तिथे वाफेने तापलेले मोठे रूळ फिरतात, त्यामुळे गरमी भारी. ड्युटी संपवून घरी आलो की कमरेला, पाठीला, मांडीला चट्टे. रात्रभर खाजवायचे, सकाळी काही नाही. घरच्यांनी एक एक पदार्थ बंद केला. शेवटी भात आणि मुगाचे पाणी उरले, तरी पित्त उठायचेच. शेजारी कुजबुज सुरू झाली की याला महारोग झाला. चहाचा कप वेगळा ठेवला गेला. बाबासाहेबांच्या लेकरांनी एकमेकांचा कप वेगळा ठेवावा! आम्हाला खाजेपेक्षा ते जास्त लागले.

एक बिनपदवीचा डॉक्टर सुई द्यायचा. सुई घेतली की दोन दिवस एकदम आराम, मग पुन्हा तेच. ती सुई स्टिरॉइडची होती हे नंतर समजले. अडीअडचणीला डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइड देतात, ते वेगळे. पण महिनोन्‌महिने घेतले तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. ज्या सुईने "जादू" होते ती कशाची आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पेनच्या बोथट टोकाने पाठीवर एक रेघ ओढली. पाच-दहा मिनिटांत रेघेच्या जागी फुगवटा आला. म्हणाले, "हे पित्तच आहे, महारोग नाही. वही घाला. रोज काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, काम कोणते केले, कधी उठले, ते लिहा." आम्ही मिलच्या जुन्या कागदाची वही शिवली आणि दोन महिने लिहिले. तेव्हा ध्यानात आले की गुडघा दुखतो म्हणून ज्या दिवशी दुकानातली गोळी घ्यायचो, त्या रात्री पित्त जास्त. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी पुष्कळ रोग्यांचे पित्त वाढते. जेवणाचा तर काही संबंधच निघाला नाही. ती गोळी बंद केली, पट्टा सैल केला, डॉक्टरांनी दिलेली पित्ताची गोळी रोज घेतली. आठ महिन्यांनी त्रास थांबला. ताटात वांगेही परत आले.

गोळीबद्दल थोडे सांगतो. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन ही हिस्टामिनला अडवणारी औषधे आहेत आणि स्वस्त आहेत. जुनाट पित्तात ती खाज सुटल्यावर नव्हे तर रोज ठरल्या वेळी घ्यायची असतात. एका गोळीने भागले नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात. आपण मनाने वाढवू नये. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन मशीनवर उभे राहू नका, मोटारसायकल चालवू नका. गरोदर बाई आणि लहान लेकरू यांना डॉक्टरांना विचारूनच औषध द्या. एवढ्यानेही न थांबणाऱ्या थोड्या रोग्यांसाठी ओमालिझुमॅब नावाचे इंजेक्शन निघाले आहे, पण ते महाग आहे.

घरी काय करावे? सुती सैल कपडे घालावेत, कोमट पाण्याने आंघोळ करावी, नखे कापावीत, खाजेच्या जागी ओले फडके ठेवावे. मात्र ज्याला थंडीने उठते त्याला थंड फडके नको. कॅलामाइन लोशनने थोडा गारवा मिळतो. म्हातारी माणसे अंगाला गेरू लावतात. वरून लावल्याने थोडे गार वाटत असेल, पण तो पोटात घेऊ नका. घोंगडी पांघरून घाम काढण्याचा उपाय तर ज्याला गरमीने उठते त्याला उलटाच पडेल.

सगळी खाज म्हणजे पित्त नव्हे, हेही ध्यानात ठेवा. बोटांच्या बेचक्यात, रात्री वाढणारी आणि घरातल्या सगळ्यांना सुटणारी खाज म्हणजे खरूज. तिचे औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यावे लागते. बिब्ब्याचे तेल लागून आलेले फोड दिवसेंदिवस राहतात. आणि ज्या फिकट किंवा लालसर चट्ट्याला खाज नाही, जो महिनोन्‌महिने तिथेच आहे, ज्यावर टोचलेले कळत नाही, त्याला वेळ न घालवता सरकारी दवाखान्यात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आजही सापडतात. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि तो पूर्ण बरा होतो. बाबा आमट्यांचे आनंदवन आपल्याच वरोऱ्याला आहे. कुष्ठरोग्याला वाळीत टाकायचे नसते हे चंद्रपूरच्या माणसाला दुसऱ्याने शिकवायची गरज नसावी.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बायाबापड्यांनो, पोरांनो, एवढे तरी घरी घेऊन जा. अंगावर पित्त उठले आणि त्याबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज बदलला, गिळता येईना, दम लागला, छातीत शिटी वाजू लागली, चक्कर आली किंवा एकसारख्या ओकाऱ्या सुरू झाल्या, तर ते नुसते पित्त राहिले नाही. त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. पाच-दहा मिनिटांतही जीव जाऊ शकतो. विष किती चढले हा प्रश्नच नसतो. एकाच माशीच्या चाव्याने शरीर स्वतःच असा उठाव करते की रक्तदाब पडतो आणि श्वासनळी बंद होते. आधी चावली तेव्हा काही झाले नव्हते म्हणून या वेळीही होणार नाही, असे नसते. आधीच्या चाव्यानेच तर शरीर तयार होऊन बसलेले असते. भाटव्यांचे हेच झाले होते. दोन माश्यांनी माणूस मरतो तो असा.

याचे औषध ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. ते मांडीच्या स्नायूत आणि लवकरात लवकर द्यावे लागते. पित्ताची गोळी या वेळी पुरत नाही. म्हणून लगेच 108 ला फोन करा. ही गाडी 2014 पासून आपल्या राज्यात आहे. गाडीला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. माणसाला आडवे निजवा, पाय थोडे उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या. पण उभे करू नका, चालवत नेऊ नका. तोंडात पाणी, औषध, अंगारा काही घालू नका. बरे वाटले तरी लगेच घरी आणू नका, काही तासांनी पुन्हा उलटू शकते. आणि एकदा ज्याला असे झाले त्याने एकट्याने जंगलात जाऊ नये, डॉक्टरांना विचारून पुढची सोय करावी.

आता धम्माकडे येतो. विनयपिटकाच्या महावग्गात एक हकीकत आहे. भदन्त आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना कातडीचा आजार होता. त्यातून पाणी वाहून चीवर अंगाला चिकटायचे. भिक्खू पाणी लावून लावून ते सोडवीत होते. तथागतांनी ते पाहिले, काय झाले ते विचारले आणि खाज, गळू असलेल्या भिक्खूंना औषधी चूर्ण वापरायची परवानगी दिली. अशा रोग्याला अंगावर पांघरायला वेगळे वस्त्रही मंजूर केले. हे पूर्वजन्मीचे पाप आहे असे म्हणून तथागत पुढे निघून गेले नाहीत. त्यांनी रोगी पाहिला, विचारपूस केली आणि औषध दिले. आणखी एका भिक्खूला अतिसार झाला होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. त्याला तथागतांनी आनंदांच्या मदतीने स्वतः धुतले आणि रोग्याची सेवा ती माझीच सेवा असे संघाला समजावले.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आणि 16 ऑक्टोबरला आपल्या चंद्रपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा वर्धापन दिनी म्हणायला सोप्या आहेत. लेकराचा श्वास कोंडला, रात्रीचे अकरा वाजले आणि सासू म्हणाली की एकदा अंगारा लावून पाहू, त्या वेळी त्या पाळायच्या असतात. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास हाच जीव जाण्याचा अर्धा तास असतो. आणि त्याच्या मागून एखाद्या निरपराध म्हातारीचे आयुष्य जाते ते वेगळेच. करणीचा आळ घेऊन कोणाला छळणे हा 2013 च्या जादूटोणा विरोधी कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी खून झाला, हे विसरू नका.

आमची विहार समितीला विनंती आहे. विहाराच्या फळ्यावर 108 आणि आरोग्य केंद्राचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. रात्री-बेरात्री ज्यांची गाडी निघू शकते अशा पाच घरांची नावे खाली लिहा. आमच्या मुलाची मोटारसायकल आहे, पहिले नाव आमचे लिहा. वर्षावासात ग्रंथवाचन झाल्यावर एक संध्याकाळ आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना बोलवा. आणि तेंदूच्या हंगामाआधी आपले नातेवाईक जिथे जिथे जंगलालगतच्या गावी आहेत तिथे प्रत्येकाने हे सांगून यावे.

गेल्या हंगामाआधी आम्ही बहिणीच्या गावी गेलो होतो. समाज मंदिरात माणसे बोलावली आणि आता तुम्हाला सांगितले तेच सगळे सांगितले. भाटव्यांचे नाव घेऊन सांगितले. त्या म्हातारीचेही नाव घेतले आणि तिचा काही दोष नव्हता असे सर्वांसमोर म्हणालो. ती हयात नाही. ऐकायला तिची नात आली होती. ती काही बोलली नाही, शेवटपर्यंत बसून राहिली. हे आम्ही जलदान विधीच्या दिवशी बोलायला हवे होते. तुमच्यावर तशी वेळ आली तर तुम्ही गप्प बसू नका, एवढेच सांगून आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!